येसबाची गुंडाळी

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनं कुलूप आहे, आणि कुणी फार जवळ येऊन उभं राहिलं की मला शंका येते. तुम्ही सगळी चांगल्या घरची मुलं दिसता, हे मला मान्य आहे. पण चांगल्या घरच्या मुलांनी खिशात हात घालून का उभं राहावं, हा प्रश्न मी विचारणारच. राग मानू नका. संशय घेणं हा माझा धंदा आहे, आणि तो मी इमानानं केला आहे.

माझा जन्म जयसिंगपूरचा. बाजारपेठेच्या मागल्या अंगाला एक लोहार होता. त्यानं मला भात्यापुढे तापवलं, ऐरणीवर ठोकलं आणि तोंडावर एक पितळी चकती लावली. जोडीला दोन किल्ल्या केल्या. मग मला बंद करून त्यानं अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. मी सुटलो नाही, तेव्हा तो म्हणाला, "झ्याक. आता कुनावर इस्वास ठेवू नगंस." माझी पहिली चाकरी शेंगांच्या एका गोदामावर झाली. तिथे मी उंदरांवर नजर ठेवली आणि शेठजींच्या मेहुण्यावरही ठेवली. दोघांबद्दल माझा अंदाज बरोबर निघाला. पुढे ते गोदाम मोडलं, आणि जुन्या सामानातून फिरत फिरत मी कोल्हापूरला आलो. आकाराम कुंभारांनी मला उचललं, कानाशी धरून हलवून पाहिलं, आणि मंगळवार पेठेतल्या आपल्या कारखान्याला लावलं.

कारखाना म्हटलं म्हणून यंत्रं डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याचं एक लांबट छप्पर, खाली मातीची जमीन, आणि भिंतींना फळ्यांवर फळ्या. गणपती करणारे लोक त्यालाच कारखाना म्हणतात. उन्हाळ्यात शाडूची पोती येत आणि पाऊस चांगला सुरू होईपर्यंत फळ्या भरून जात. दिवसा मी दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेला असे, त्यामुळे मला आतलं दिसे आणि बोळातलंही दिसे. याहून चांगली जागा संशयी माणसाला मिळायची नाही.

तिथली एक रीत तुम्हाला आधी सांगितली पाहिजे. मूर्ती घडते, वाळते, रंगते, तिच्यावर सोनेरी दागिने चढतात, तरी कुंभार तिला देव म्हणत नाहीत. माल म्हणतात. तिच्याकडे पाठ करून चहा पितात, तिच्या सोंडेला ओला पंचा वाळत घालतात. सगळ्यात शेवटी डोळे काढायचे. त्याला आखणी म्हणतात. आखणी झाली, की त्याच मूर्तीपुढे कुणी पाय पसरून बसत नाही. आकारामांच्या पत्नी, बयाबाई, त्या फळीवरून जाताना पदर सारखा करत. मी हे दरवर्षी पाहत असे, आणि दरवर्षी मला वाटे की हातभर उंचीच्या मातीत इतका फरक कशानं पडला, ते तपासायला हवं.

आकारामांची आखणी सगळ्या पेठेत नावाजलेली होती. त्यांचे गणपती दारातून आत येणाऱ्याकडे सरळ पाहत. पण हळूहळू त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हातही थरथरू लागला. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. त्यांची किल्ली माझं भोक सापडेपर्यंत माझ्या तोंडावर खरखर फिरत राही.

मग एका थंडीत तो आला. स्टँडजवळ तिबेटी लोक स्वेटर विकायला बसू लागले होते, त्यांच्यातला एक. चीननं त्यांचा मुलूख घेतला, तेव्हा बर्फाचे डोंगर ओलांडून ही माणसं आपल्या देशात आली, आणि त्यांतल्या काहींची वसाहत खाली कर्नाटकात मुंडगोडला झाली. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी पेठेला एवढंच दिसलं की डोळे बारीक आणि गाल वर आलेले, म्हणजे माणूस चिनी. तो दाराबाहेर थांबला. फळीवरचे बिनडोळ्यांचे गणपती पाहिले आणि उंबऱ्यापाशी खाली बसला. स्वेटर घ्या म्हणाला नाही, पाणी द्या म्हणाला नाही. मित्रांनो, जो काही विकत नाही, काही मागत नाही आणि तरी उठत नाही, अशा माणसावर कुलपानं नजर ठेवायची असते. मी ठेवली.

आकाराम म्हणाले, "काय पावणं? काय पायजे?"

त्यानं मूर्तीच्या चेहऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्याकडे, मग हवेत कुंचला धरल्यासारखी बोटं धरली. आकारामांनी एक फुटकी मूर्ती त्याच्यापुढे सरकवली. त्यानं श्वास रोखून दोन डोळे काढले. रेघ कुठे जाड झाली नाही, कुठे तुटली नाही. पण पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि नजर खाली.

बयाबाई वाकून बघून म्हणाल्या, "ह्यो देव झोपलाय का काय?"

त्याला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तो हसला. त्याच्या देशातले देव असेच खाली बघतात, हे त्यानं खुणांनी सांगितलं. आकारामांनी कोल्हापूरचा देव कसा बघतो, ते स्वतःचे डोळे मोठे करून दाखवलं. त्यानं दुसऱ्या एका फुटक्या मूर्तीवर तसे काढून दाखवले. त्याचं नाव येशे. बयाबाईंनी केरबा, ज्ञानबा अशा नावांच्या ओळीत बसवून त्याचं येसबा करून टाकलं, आणि तो राहिला.

पहिले काही महिने आकाराम त्याला कारखान्यात झोपवत आणि मला बाहेरून लावत. 'राखणीला ठेवलाय' असं पेठेत सांगत. राखण कुणाची आणि कुणापासून, हे मला चांगलं कळत होतं. तोही जाणून होता. सकाळी मी उघडलो की तो आकारामांना हात जोडी, आणि आकाराम दुसरीकडे बघत.

त्याचं सामान म्हणजे एक वळकटी आणि पिवळ्या फडक्यात बांधलेली एक गुंडाळी. वळकटी तो कुठेही टाकी. गुंडाळी मात्र त्यानं छपराच्या आडव्या वाशाला टांगली, उंदीर पोचणार नाहीत आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा बेतानं. माझा सगळा संशय त्या गुंडाळीवर जाऊन बसला. ज्याला आपण इतकं जपतो, त्यात लपवण्यासारखं काहीतरी असतंच.

बयाबाईंच्या तोंडची भाषा ऐकून तो मराठी शिकला. त्यामुळे हिमालयापलीकडचा हा माणूस 'न्हाय की वो आक्का' असं म्हणू लागला. जरा बोलता यायला लागल्यावर एका दुपारी त्यानं गुंडाळी सोडून दोघांना दाखवली. कापडावर काढलेलं चित्र होतं. हिरव्या अंगाची एक देवी, एक पाय खाली सोडून बसलेली, हातात कमळ, मागे बर्फाचे डोंगर आणि एक वाकडीतिकडी नदी. सगळं पूर्ण होतं. फक्त चेहऱ्यावर डोळे नव्हते.

"आखनी ऱ्हायली व्हय?" आकारामांनी विचारलं.

"गुरूनं काढलंय," येशे म्हणाला. "मी नुसते रंग वाटून दिले. डोळे काढायच्या आधी सैनिक आले. गुरू म्हनला, हे घिऊन तू जा. डोळे मीच काढनार. आपन परत भेटू तवा काढनार."

"आनि गुरू?"

"तितंच ऱ्हायला."

बयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी लावला नाही. गोष्ट चांगली होती, पण चांगल्या गोष्टी सांगणारी माणसं मी गोदामावरही पाहिली होती. मात्र एक कबूल करतो. त्या माणसाचं घर, देश, गुरू, सगळं त्या कापडाच्या दोन कोऱ्या जागांत अडकलं होतं, हे ती गुंडाळी पुन्हा बांधताना त्याच्या बोटांकडे बघून माझ्यासारख्यालाही समजलं.

पहिल्याच चतुर्थीला त्याच्या आखणीचे गणपती लोकांना आवडले. पुढल्या वर्षी बायका येऊन म्हणू लागल्या, "आमाला येसबाच्या डोळ्याचा द्या." तो सिंहासनाच्या पाठीवर ढगही काढी. वळ्यावळ्यांचे, पांढरेनिळे, टोकाशी निमुळते. "असलं ढग आमच्यात न्हाईत," बयाबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "आमच्यात हायत." आकारामांनी माझी दुसरी किल्ली एका सुतळीत ओवून त्याच्या गळ्यात घातली ती त्याच सुमारास. एका परक्याच्या गळ्यात माझी किल्ली! मी त्याच्यासाठी उघडत राहिलो, पण जरा कुरकुरत.

आता ज्ञानू पैलवानाबद्दल सांगतो. बोळाच्या तोंडाशी तालीम होती आणि तिच्या मंडळाचा सगळ्यात मोठा गणपती दरवर्षी आकारामांकडून जाई. ज्ञानू त्या मंडळाचा पुढारी. माणूस धिप्पाड, आवाज दांडगा, आणि येशे दिसला की त्याच्या कपाळाची शीर उठे. त्याचा थोरला भाऊ फौजेत होता. बासष्टच्या चीनच्या लढाईतून त्याची नुसती ट्रंक परत आली होती. ज्ञानूला तिबेटी आणि चिनी यांतला फरक पुष्कळांनी समजावला. तो ऐकून घेई, मान हलवी, आणि पुन्हा येशेकडे तसाच बघे.

एकाहत्तर सालचा तो पावसाळा. पूर्वेकडे लढाई पेटणार, चीन पाकिस्तानच्या बाजूनं उतरणार, अशी बोलणी चहाच्या हॉटेलातल्या रेडिओपासून आमच्या बोळापर्यंत पोचली होती. त्यातच एका सकाळी ऊन पडलं म्हणून येशेनं गुंडाळी मागच्या अंगणात पसरली. कापडाला दमट वास येऊ लागला होता. उन्हाची बाजू बदलावी म्हणून त्यानं ते पालथं घातलं. पाठीवर त्याच्या गुरूनं प्रमाणासाठी आखलेल्या कोळशाच्या उभ्याआडव्या रेघा होत्या आणि त्यांच्या लिपीतल्या दोन ओळी. तालमीच्या माडीवरून ज्ञानूनं ते पाहिलं. उलटताना ओझरते दिसलेले डोंगर आणि नदी, मग पाठीवरच्या रेघा आणि परकी अक्षरं. तुम्हीच सांगा, संशयी माणसाला यात काय दिसेल?

"नकाशा हाय त्यो," ज्ञानू तालमीत म्हणाला. "राधानगरीच्या धरनाचा." संध्याकाळपर्यंत पेठेत तेच झालं. दुसऱ्या दिवशी त्या नकाशात विमानतळही आला. लोकांनी येशेच्या ढगांचे सुद्धा अर्थ लावले. खरं सांगतो मित्रांनो, मलाही बरं वाटलं. इतके दिवस मी एकटाच संशय घेत होतो, आता सगळी पेठ माझ्या बाजूनं होती. पण त्या आनंदात मला एक गोष्ट खटकू लागली. या सगळ्यांपैकी कुणीच गुंडाळी उजेडात सरळ बघितली नव्हती. मी बघितली होती.

त्याच आठवड्यात मुंडगोडहून निरोप आला की येशेच्या गावाकडचा एक माणूस नुकताच डोंगर ओलांडून वसाहतीत पोचला आहे, आणि त्याला गुरूची काही खबर असेल. आखणीचे दिवस तोंडावर होते, तरी आकाराम म्हणाले, "जा. दोन दिवसांत परत ये." बाहेर पाऊस कोसळत होता. एसटीच्या टपावर गुंडाळी भिजेल म्हणून येशेनं ती वाशालाच ठेवली. निघताना त्यानं मला हातानं दोनदा ओढून पाहिलं. "आक्का, ध्यान ठेवा," म्हणाला, आणि गेला.

तो गेल्याचं ज्ञानूला कळायला वेळ लागला नाही. दुपारी तो चारपाच तालीमवाल्यांना घेऊन दारात आकारामांपुढे उभा राहिला.

"तात्या, त्यो पळाला न्हवं? आता नकाशा दाव."

"पळाला न्हाय, गावाला गेलाय. आनि नकाशा न्हवं ते, देवीचं चित्र हाय."

"देवी असंल तर मी पाया पडीन," ज्ञानू म्हणाला. "सगळ्यांच्या देखत पडीन. पर नकाशा निघाला, तर हितंच चुलीत घालनार. माझ्या भावाची आन हाय. आनि आमचा गनपती मग तुमच्याकडनं उचलायचा न्हाय. उद्या सकाळी येतो." एवढं बोलून तो गेला. जाताना त्यानं एका पोराला बोळाच्या तोंडाशी बसवलं.

आकारामांनी दार लावून घेतलं आणि मला आतल्या कडीत अडकवलं. मी आतून लागण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी गुंडाळी खाली काढली आणि जमिनीवर पोतं टाकून तिच्यावर पसरली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोघं नवराबायको त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत बसली.

"जयसिंगपूरला माझ्या भनीकडं लावून द्यावं," बयाबाई म्हणाल्या.

"बाहीर पोरगं बसिवलंय. आनि लपिवलं म्हंजे नकाशाच ठरला की."

"मग ऱ्हाऊ द्या असंच. देवी हाय, दिसतीया."

"तुला दिसतीया. त्येला बिनडोळ्याची हिरवी बाई दिसंल. भूत म्हनंल." आकाराम कापडाकडे वाकले. मग हळू म्हणाले, "डोळं काढले तर कोन हात लावनार न्हाय. कोल्हापुरात उघड्या डोळ्याचा देव कोन चुलीत घालंल?"

बयाबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "अवो, ते त्येच्या गुरूचं हाय! आपुन शिवायचं न्हाय."

"उद्या ज्ञानूनं जाळलं, मग गुरू काय राखेवर डोळं काढनार हाय?"

बयाबाई पुन्हा पोत्यापाशी बसल्या. मित्रांनो, माझी किल्ली ज्यांच्या कमरेला होती, त्या माणसावर मी त्या दुपारी पहिल्यांदा संशय घेतला. हे आकाराम त्या पोराच्या चित्रासाठी करत होते, की मंडळाचा गणपती हातचा जाऊ नये म्हणून, की किती वर्षांत आपल्या हातून एकही डोळा उघडला नाही, त्या भुकेपोटी? मी आजवर पुष्कळदा विचार केला. तिन्हींत थोडं थोडं तथ्य असावं असं मला वाटतं.

त्यांनी हात धुतले, कपाळ जमिनीला टेकवलं, आणि येशेचा सगळ्यात बारीक कुंचला घेतला. बयाबाईंनी मागून त्यांचं मनगट धरलं. आकारामांना कापडावरचा चेहरा धूसर दिसत होता, म्हणून त्या सांगत होत्या. "जरा वर. आता बाहीरच्या अंगाला. हितं थांबा." कुंचला टेकला. बयाबाई रडत होत्या, पण मनगट त्यांनी हलू दिलं नाही. डोळे झाले ते कोल्हापुरी गणपतीसारखेच झाले. टक्क उघडे, दारातून येणाऱ्याकडे सरळ बघणारे. डावा उजव्यापेक्षा जरा मोठा झाला होता. बयाबाईंनी ते पाहिलं, पण नवऱ्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र भिंतीला टांगलेलं होतं. ज्ञानू आला, तो बाह्या सारूनच. दोन पावलं आत आला आणि थांबला. देवी त्याच्याकडे बघत होती. त्यानं नजर बाजूला वळवून डोंगर पाहिले, नदी पाहिली, आणि पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यानं पायातल्या चपला काढल्या, परत आला आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर डोकं टेकलं. उठताना त्याचे डोळे भरले होते. "माझ्या भावाला बी हिनं बघितलं असंल का वो तात्या? तिकडंच हुता न्हवं त्यो, त्या डोंगराकडं," तो म्हणाला. चित्र वाचलं होतं.

येशे त्याच दुपारी आला. एसटी स्टँडपासून तो पळत आला असावा, कारण बोळात शिरतानाच तो ओरडत होता, "आक्का! मालक! गुरू जित्ता हाय! त्या मानसानं सोताच्या डोळ्यानं बघितलाय!" उंबऱ्यात त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

त्याच्या छत्रीचं पाणी जमिनीवर गळत राहिलं. मग त्यानं विचारलं, "कुनी?"

बयाबाई काहीतरी म्हणायला पुढे झाल्या. ज्ञानूचं नाव, नकाशा, चूल, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण आकारामांनी हातानं त्यांना मागे सारलं आणि येशेच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "मी."

मला वाटलं, हा आता फळ्या पाडणार. मी त्याच्या जागी असतो तर पाडल्या असत्या. तो चित्राजवळ गेला, बोट डोळ्यांपाशी नेलं आणि न लावताच मागे घेतलं. म्हणाला, "गुरू येनार हुता. डोळे काढायला येनार हुता. आता त्यो आला, तर त्याला काय काम ठेवलं मी?"

बयाबाईंनी मग सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, ज्ञानूचं डोकं टेकणंही ऐकलं. "जळालं असतं," तो म्हणाला. "म्हाईत हाय. तरी बी." त्यानं चित्र उतरवलं, तोंडावर पिवळं फडकं सोडलं, गुंडाळलं. गळ्यातली सुतळी काढून किल्ली फळीवर ठेवली, आणि उरलेली आखणी तशीच टाकून निघून गेला. दारातून जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. कुलूप लावलेलं असूनही आतली वस्तू कशी गेली, हे तो मला विचारत असावा. मी काय सांगणार? मी लागलेलाच होतो.

त्या चतुर्थीला मंडळाचा गणपती आकारामांनी आणि बयाबाईंनी मिळून कसाबसा पुरा केला. येशे गेल्याचं कळलं तेव्हा ज्ञानू येऊन दारात उभा राहिला. "आमच्यामुळं गेला व्हय?" त्यानं विचारलं. "माझ्यामुळं गेला," आकाराम म्हणाले आणि शाडू मळू लागले. त्यानंतर ज्ञानू थंडीत स्टँडजवळच्या स्वेटरवाल्यांकडे जाऊन चौकशी करत असे. ते लोक एवढा आडदांड माणूस आपल्यातल्या एकाला शोधतोय हे बघून काहीच सांगत नसत. त्यांचाही संशय रास्तच होता.

आकारामांना हळूहळू काही दिसेनासं झालं. ऑपरेशनला ते तयार झाले नाहीत. आखणीला बाहेरगावचा एक माणूस येऊ लागला. त्याचे डोळे नीट असत, पण लोक मूर्ती उचलताना जरा रेंगाळत आणि मग दुसरी नाही म्हणून तीच नेत. सुतळीतली किल्ली बयाबाईंनी फळीवरून हलवली नाही. तिच्यावर शाडूची पूड साचली.

तिसऱ्या वर्षी आखणीच्याच दिवसांत बोळात पावलं वाजली. मी ओळखली. माझा पहिला विचार काय असणार, तुम्हाला ठाऊक आहे. हा उट्टं काढायला आला. काखेत गुंडाळी होती आणि तोंडावर हसू नव्हतं.

"येसबा?" बयाबाईंनी विचारलं.

आकाराम पोत्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "आला व्हय? गुरू बरा हाय का रं?"

"गेला. तुरुंगात. मागल्या थंडीत खबर आली."

पत्र्यावर चिमण्यांचा गलका चालला होता. आकारामांनी हातातली माती बाजूला ठेवली. बयाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. येशेनं गुंडाळी सोडली आणि आकारामांच्या पुढ्यात पसरली. त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि कापडावर न टेकता तसाच राहिला.

"एक इचारू?" आकाराम म्हणाले. "कसं आल्यात रं डोळं? त्या दिशी मला दिसलंच न्हाय. हिच्या सांगन्यावर हात फिरिवला."

येशे वाकून बघत राहिला. त्यानं ते डोळे या तीन वर्षांत किती वेळा पाहिले असतील कोण जाणे. "डावा मोठा झालाय," तो म्हणाला.

"लई?"

"लई न्हाय. पर झालाय."

"मग पूस की. तुजा हात चांगला हाय. पूस आनि तुला पायजे तसं काढ. खालती बघनारं काढ. आता गुरू बी न्हाय आडवायला."

"उघडलेले डोळे पुसत न्हाईत, मालक," येशे म्हणाला. "वसाहतीत लामांनी इचारलं, हे कुनी उघडले? आमच्यात असे न्हाईत. मी म्हनलो, माझा दुसरा गुरू हाय कोल्हापूरला. म्हातारा हाय, आंधळा हाय, इचारल्याबिगर हात लावतो."

आकारामांच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, मला सांगता येणार नाही. त्यांनी चाचपडत येशेचा हात शोधला आणि धरला. "राग गेला न्हवं तुजा?"

"न्हाय," येशे म्हणाला. पण हात त्यानं सोडवून घेतला नाही. मग बयाबाईंकडे वळून त्यानं विचारलं, "आक्का, पैलवानाचा गनपती कुठला? डोळे काढायचे ऱ्हायलेत न्हवं?"

मित्रांनो, पुढे बरीच वर्षं तो दर पावसाळ्यात येत राहिला, आणि आता कारखान्याला माझ्या जागी लोखंडी शटर आलं आहे. मी बयाबाईंच्या नातवाच्या टेबलाच्या खणात पडून असतो. मला तेल घाला, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझी कडी गंजली तरी कुणाचं अडत नाही. एकच मागतो. आपलं घरदार सोडून आलेला कुणी माणूस एखादी वस्तू तुमच्या भरवशावर ठेवून गेला, तर खुशाल संशय घ्या, मीही घेतला, पण ती त्याच्या येण्यापर्यंत होती तशी राहू द्या. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामात कुणाची वाट बघणं असेल, हे बाहेरून दिसत नाही. आणि कधी नाइलाजच झाला, हात लावावाच लागला, तर तो परत येईल आणि कुणी केलं म्हणून विचारेल. तेव्हा खाली बघू नका.